पाहुण्याचं बटण

मंगळवार, ४ तारीख

आधी आली ती चष्मेवाली. पेटीवाला मागून जिना चढत होता, धापा टाकत, खांद्यावर वायरींची ही एवढी भेंडोळी. मी दार उघडलं तर पोरगी म्हणते कशी, "आजी, तुमचं मत हवंय." मी म्हटलं, बाई, निवडणूक तर मागेच होऊन गेली. तर हसली. म्हणाली, "ते नाही हो. तुम्ही टीव्हीवर काय बघता, दुकानातून काय आणता, काय आवडतं, काय नाही, ते."

आता मला एकाहत्तरावं चालू आहे. एकाहत्तर वर्षांत मला कुणी मत विचारलं नव्हतं. मीठ बरोबर पडलंय का, एवढंच काय ते, आणि तेही मीच विचारायची, लोक नुसते खायचे. म्हणून तिला आधी बसवली, पाणी दिलं, बिस्किटं दिली, मग म्हटलं, विचार काय ते.

शहरातल्या हजारो घरांतून चिठ्ठ्या टाकून आमचं घर निघालंय म्हणे. मुलाने फॉर्मवर सही आधीच करून दिली होती, मला बोलला नव्हता. तो टीव्ही-फ्रिजच्या मोठ्या दुकानात मॅनेजर आहे, त्याला या धंद्यातलं सगळं कळतं. टकल्याला कंगवा विकून येईल असा गोड बोलतो. गिऱ्हाइकं त्याचं नाव काढतात.

तर पेटीवाल्याने टीव्हीखाली एक काळी पेटी बसवली. हातात धरायला छोटा रिमोट दिला. त्यावर आकडे. एक नंबर मुलाचा, दोन सूनबाईचा, तीन माझा, चार नातीचा. (नातीला आम्ही भिंगरी म्हणतो, नऊ वर्षांची आहे, एका जागी टिकत नाही. म्हणजे टिकत नसे. अलीकडे बसते.) टीव्हीपुढे बसलं की आपला आकडा दाबायचा, दिवा लागतो. उठलं की परत दाबायचा. आणि कडेला एक हिरवं बटण आहे, ते पाहुण्यांचं. घरी कुणी आलं आणि टीव्ही बघत बसलं तर ते दाबायचं. सगळं तिथल्या तिथे त्यांच्या ऑफिसात दिसतं.

चष्मेवाली म्हणाली, "आजी, तुमच्या एका घराचं मत म्हणजे दहा हजार घरांचं मत धरतात." मी गारच पडले. माझ्या मागे दहा हजार म्हाताऱ्या उभ्या.

मग तिने विचारलं, घरात काय आणायचं ते कोण ठरवतं? सूनबाई बाजूला स्टुलावर बसली होती, तिने माझ्याकडे बघितलं. मीच सांगितलं, माझा मुलगा ठरवतो. सुईपासून फ्रिजपर्यंत. तिला दुकानात जावंच लागत नाही, राणीसारखी बसून असते. फोन किती आहेत घरात? म्हटलं, एकच, मुलाचा. त्याचं मत असं की फोनने घरं मोडतात. दुकानात फोन विकतो तोच हे सांगतो म्हणजे खरंच असणार.

चष्मेवालीने लिहून घेतलं. जाताना मला एक पुस्तिका दिली, दुकानातून येईल त्या पाकिटाची पट्टी कापून चिकटवायला आणि चुका नोंदवायला. खरं तेच लिहायचं म्हणाली. पण त्यात मनातलं लिहायला जागा कुठे? म्हणून भिंगरीची गणिताची चौकटीची वही उरली होती, ती घेतली. चौथीपर्यंत शिकले आहे, अक्षर कोंबडीचे पाय, पण वाचणार कोण. चौकटीत अक्षर जरा सरळ राहतं.

शुक्रवार, ७ तारीख

तीन नंबर दाबून सकाळपासून बातम्या बघितल्या. माझं मत: बातम्यावाले ओरडतात का? समोर माइक आहे की. चार खिडक्यांत चार माणसं, चौघं एकदम बोलतात, ऐकायला एकही नाही. हे पुस्तिकेत लिहिलं. दहा हजार घरांच्या वतीने लिहिलं.

दुसरं मत, साबणाच्या जाहिरातीतल्या बाया आंघोळ करून इतक्या खूश कशा होतात? मी आज मुद्दाम तोच साबण लावून बघितला. स्वच्छ झाले. खूश होते तेवढीच राहिले.

मुलाला मात्र टीव्ही मोठा लागतो. दिवसभर दुकानात गोड गोड बोलून डोकं पिकत असेल. आवाजाचा आकडा पडद्यावर येतो, इतर वेळी बारा-पंधरा असतो, मुलगा घरी आला आणि मूड नसला की चाळीसच्या वर नेतो. आता काय, तोही आकडा ऑफिसात दिसत असेल. मग मी गॅलरीत जाऊन बसते. दार ओढून घेते. माझा डावा कान अधूच आहे, उजवा भिंतीकडे केला की शांत वाटतं. भिंगरीलाही घेते बरोबर. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून आकडे म्हणते, एकपासून वर. परवा सातशे बारापर्यंत गेली. हुशार आहे पोर.

वरच्या मजल्यावरची मास्तरीण जिन्यात भेटली. शाळेतून निवृत्त झाली पण छडी टाकली नाही. म्हणाली, "काल फार आवाज होता हो तुमच्याकडे." म्हटलं, टीव्ही होता. म्हणाली, "तुमच्या टीव्हीवर रोज एकच मालिका लागते का?" मला पेटीचं सांगायचं होतं पण चष्मेवालीने शपथ घातलीय कुणाला बोलायचं नाही म्हणून. झाकली मूठ. नाहीतर हिला ऐकवलं असतं की बाई, आमच्या टीव्हीची दखल घेणारे लोक आहेत.

सोमवार, १० तारीख

पट्ट्या चिकटवायचं काम मला फार आवडलं. डिंकाची बाटली, कात्री, सगळं घेऊन बसते. चहा, साबण, काड्यापेट्या, बिस्किटं. मग दुखण्यावर लावायच्या मलमाच्या नळ्यांची खोकी, तीन. या महिन्यातली तिसरी. मग डाग झाकायची क्रीम. ही बघा, ही इतकी महाग क्रीम मुलाने स्वतः आणली. चेहऱ्याच्या रंगाची असते, लावली की खालचं काही दिसत नाही. माझं मत विचाराल तर कुठला नवरा आणतो हो बायकोला एवढी महाग वस्तू? आमच्या ह्यांनी मला आयुष्यात पावडरचा डबा आणला नाही. तेव्हा आम्ही हळद लावायचो आणि चार दिवस तोंड धुतलं नाही असं करायचो.

कपांच्या खोक्याचीही पट्टी चिकटवली. सहा कपांचा संच, दोन महिन्यांत दुसरा. भांड्याला भांडं लागायचंच, पण हल्लीचे कप म्हणजे नुसतं नाव. आमचे पितळेचे पेले भिंतीवर आपटले तरी पोचा यायचा, फुटायचे नाहीत.

सूनबाई म्हणाली, "आई, मलमाचं नका ना चिकटवू." मी म्हटलं, अगं खरं तेच द्यायचं आहे. आपण एक लपवलं तर दहा हजार घरांचं चुकेल. कात्री माझ्यापुढे सरकवून आत गेली. तशी ती गप्पच असते.

गुरुवार, १३ तारीख

चष्मेवाली आज एकटीच आली. मी दारातूनच पुस्तिका पुढे केली. तिने पानं उलटली, माझ्या बातम्यांवरच्या मतावर खुदकन हसली, आणि मग पट्ट्यांच्या पानावर थांबली ती थांबलीच. बोट ठेवून एकेक बघत होती. मला वाटलं डिंक जास्त झाला.

विचारलं, "आजी, टूथपेस्ट मध्येच बदललीत?" म्हटलं, हो ना. सूनबाई एका बाजूनेच चावते हल्ली. मुलगाच म्हणाला, ती नाजूक दातांची आण. जाहिरातीत दाखवतात ना, बाई बर्फ खाते आणि हसते. हिचं काही हसण्यापर्यंत गेलं नाही अजून, पण बरं वाटतं म्हणे.

"दाताला काय झालं?" मी सांगणार तोच सूनबाई म्हणाली, "पडले." मी पण म्हटलं, पडली. न्हाणीघरात ओल असते.

मग चष्मेवाली म्हणाली की स्वयंपाकघरातल्या डब्यांची यादी करायची आहे, ताईंनी दाखवावं. मी उठायला लागले तर म्हणाली, "तुम्ही बसा आजी, तुमच्या मालिकेची वेळ झाली. तीन नंबर दाबा." लक्ष किती बारीक असतं हिचं. दोघी आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. नळ सोडलेला ऐकू येत होता. आमच्याकडे डबे काही इतके नाहीत, पण अर्धा तास लागला. मालिकेत त्या बाईची स्मृती परत आली, म्हणजे मी म्हणाले होते तसंच.

बाहेर आल्यावर चष्मेवाली मोठ्याने म्हणाली, "आणि ताई, पाहुणे आले की हिरवं बटण. कुठल्याही वेळी. आम्हाला लगेच दिसतं, मी येऊन तपासते." सूनबाईने मान हलवली. डोळे लाल होते. कांदे चिरत होती बहुतेक.

बुधवार, १९ तारीख

आज जरा रागावले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, आत आले तर पेटीवर हिरवा दिवा. घरात काळं कुत्रं नाही. भिंगरी शाळेत, मुलगा दुकानात. सूनबाई टीव्हीपुढे उभी, टीव्ही चालू, हातात छोटा रिमोट.

म्हटलं, अगं, पाहुणा कोण आलाय?

म्हणाली, "चुकून दाबलं गेलं."

म्हटलं, मग बंद कर. खोटं पोचलं ना ऑफिसात. आपल्यावर विश्वास टाकलाय त्या लोकांनी.

तिने बंद केलं. मी पुस्तिकेत शेवटच्या पानावर नोंद केली: बुधवार, दुपारी बारा, पाहुण्याचं बटण, पाहुणा नव्हता. नीट वेळ घालून लिहिलं. कुणी म्हणायला नको की म्हातारीने लपवलं.

काल संध्याकाळी टीव्ही सेहेचाळीसवर होता. आजवरचा सगळ्यात मोठा.

गुरुवार, २० तारीख

बोलाफुलाला गाठ म्हणतात ती ही. काल चुकून बटण दाबलं आणि आज दहाच्या ठोक्याला चष्मेवाली हजर. "तपासायला आले." मी पुस्तिकेतली नोंद दाखवली. तिने वाचली, आणि सूनबाईकडे बघितलं. म्हणाली, "आजी, असल्या बारीकसारीक चुका नाही लिहिल्या तरी चालेल." मी म्हटलं, तूच तर म्हणालीस खरं तेच लिहा. या शिकलेल्या मुलींचं एक असतं, नियम सांगतात आणि आपणच वितळतात.

मग आज मला विचारायची पाळी होती. तरुणपणी टीव्ही नव्हता तर काय होतं? म्हटलं, रेडिओ. कोण लावायचं? म्हटलं, हे. आवाज किती ठेवायचे? म्हटलं, मोठा. तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "का?"

आता काय सांगायचं. एवढ्या वर्षांत कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. म्हटलं, त्यांना तसा आवडायचा. रेडिओ मोठा झाला की माझ्या सासूबाई बाहेर पायरीवर जाऊन बसायच्या, पोरगा कडेवर घेऊन. म्हणजे माझा मुलगा, तेव्हा लहान होता. त्या फार देवमाणूस होत्या, माझ्याविरुद्ध कधी शब्द बोलल्या नाहीत. माझा डावा कान तेव्हापासून गेला. रेडिओनेच गेला असणार, दुसरं काय.

मग चष्मेवालीने माझा हात धरला. मी म्हटलं, हे पण लिहायचं असतं का? म्हणाली, "नाही आजी, हे नाही लिहायचं."

मग इथे कशाला लिहिलं, कोण जाणे. राहू दे. चौकटी भरल्या.

बुधवार, २६ तारीख

पुन्हा तेच. सोमवारी सकाळी हिरवा दिवा, पाहुणा नाही. मी नोंद केली. आणि काल परत चष्मेवाली आली, पेटीवालाही आला बरोबर. म्हणजे बघा, हिने चुकून दाबायचं आणि तिने धावत यायचं. मी सूनबाईला गमतीने म्हटलं, तुझं बटण म्हणजे दाराची घंटा झालंय. तर ती एकदम माझ्या पायाशी बसली. म्हणाली, "आई, हे ह्यांना सांगू नका." मी म्हटलं, वेडी आहेस का, एवढ्यातेवढ्या चुकीला तो काय करणार आहे?

माझ्याकडे बघत राहिली. मी टीव्हीकडे बघितलं.

मग तिने भिंगरीचा जन्माचा दाखला मागितला. सगळे कागद माझ्या ट्रंकेत असतात, मुलाने किल्ली माझ्याकडे ठेवलीय, विश्वासाने. शाळेत हवाय म्हणाली. शाळेत आता मध्येच कशाला हवाय हे विचारणार होते, पण दिला काढून. मी किल्ली लावत होते तेव्हा तिचा हात माझ्या खांद्यावर होता. आमच्याकडे असं कुणी हात ठेवत नाही.

जुने कपडेही देऊन टाकले तिने, चष्मेवालीच्या ओळखीत कुठे गरजूंना वाटतात म्हणे. एक पिशवी भरून. त्यात भिंगरीचा निळा स्वेटर दिसला. म्हटलं, अगं हा तर यंदाच घेतलाय. तर भिंगरीच म्हणाली, "आजी, मला टोचतो." खोटं बोलली कार्टी. त्या स्वेटरशिवाय झोपत नाही.

पेटीवाला म्हणाला की पेटी बिघडलीय, बदलायला लागेल, गाडी घेऊन यावं लागेल. एवढीशी तर पेटी, गाडी कशाला? पण तंत्राचं आपल्याला काय कळतं. पुढच्या गुरुवारी, चार तारखेला, सकाळी अकराला येतो म्हणाले. मला विचारलं, "तेव्हा साहेब दुकानात असतात ना?" म्हटलं, असतो की, साडेनऊला बाहेर पडतो.

चष्मेवाली निघताना म्हणाली, "आजी, तुम्हीही तयार राहा. तुम्हाला वाटलं तर." कशाला, ते नाही बोलली. नवी पेटी बघायलाच असणार. चांगली साडी काढून ठेवीन.

रविवार, ३० तारीख

आज फार आनंदाचा दिवस. मुलगा माझ्याजवळ बसला.

दुकानाला सुट्टी होती. जेवण झालं, मी पुस्तिकेला डिंक लावत बसले होते तर आला आणि शेजारी बसला. म्हणाला, "आई, बघू तरी काय लिहितेस." मी दिली. पहिल्यापासून वाचत होता. बातम्यांचं वाचून हसला. "आई, तू कंपनीत असायला हवी होतीस." पट्ट्यांचं पान आलं तेव्हा हसायचा थांबला, मग पुढे गेला. शेवटचं पान दोनदा वाचलं.

"हे पाहुण्याचं काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही रे, ती धांदरट आहे, चुकीचं बटण दाबते. आणि त्यातली गंमत सांगितली. बटण दाबलं की दुसऱ्या दिवशी चष्मेवाली दारात. जादूचा दिवाच. मला हसू आवरेना सांगताना. तोही हसला. मग त्याने एकेक विचारलं. किती वेळा येते. किती वेळ थांबते. कुठे बसतात. दार लोटलेलं असतं का. माझा मुलगा मला विचारत होता आणि मी सांगत होते, आणि तो मध्ये एकदाही "पुरे" म्हणाला नाही. लहानपणी असा बसायचा, माझ्या गुडघ्याला टेकून.

गुरुवारचं पण सांगितलं. म्हटलं, एकदा तरी घरी थांब, बघ तरी तुझ्या आईला किती मान देतात.

म्हणाला, "थांबतो की. रजा टाकतो." माझ्यासाठी त्याने आजवर रजा टाकली नव्हती. मी पडले होते आणि हात प्लास्टरमध्ये होता तेव्हाही नाही. पुस्तिका मिटली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "आई, तुझी नोंद फार पक्की आहे."

भिंगरी दारात उभी होती. तो उठून गेल्यावर जवळ आली आणि म्हणाली, "आजी, तू पप्पांना सांगितलंस?"

म्हटलं, काय गं?

ती गॅलरीत जाऊन बसली. टीव्ही तर बंदच होता. आकडे म्हणत होती.

सोमवार, १ तारीख

सूनबाईला सांगितलं, गुरुवारी हा घरी थांबणार आहे. तिच्या हातात कप होता. या संचातले आता चार उरले.

संध्याकाळी टीव्ही लावलाच नाही मुलाने. जेवताना सगळ्यांना वाढलं त्याने स्वतः. सूनबाईला म्हणाला, "पोटभर घे." आवाज अगदी दुकानातला. मला बरं वाटायला हवं होतं. घास फिरत राहिला तोंडात.

मंगळवार, २ तारीख

आज साडेतीनलाच आला. दुपारी कधी येत नाही. मी म्हटलं, बरं नाही का रे? म्हणाला, "आई, तू जरा गॅलरीत बस. ऊन छान आहे." भिंगरी शाळेतून आलीच होती, तिलाही माझ्याबरोबर दिली. आणि गॅलरीच्या दाराची कडी घराच्या बाजूने आहे, ती त्याने घातली.

टीव्ही लावला. आकडा मला काचेतून दिसत होता. चाळीस. पन्नास. साठ. साठपर्यंत जातो हे मला माहीत नव्हतं. पडद्यावर ती साबणाची बाई हसत होती.

मी उजवा कान भिंतीकडे केला. भिंगरी आज आकडे म्हणत नव्हती. माझ्याकडे बघत होती. मग माझ्या मनात आलं ते लिहिते. मला वाटलं, मी पायरीवर बसलेय, आणि कडेवर तो आहे.

गॅलरीच्या दाराशी टीव्हीच्या फळीचं टोक येतं. छोटा रिमोट तिथेच ठेवलेला असतो. जाळीची झडप आहे, हात जातो, मी तिथूनच तीन नंबर दाबते कधी कधी आळस आला तर. हात घातला. रिमोट मिळाला. घरात पाहुणा कुणी नाही. मला माहीत होतं पाहुणा कुणी नाही. हिरवं बटण दाबलं. एकदा दाबलं, पुन्हा दाबलं.

दिवा लागला नाही.

रिमोट इकडे ओढून मागचं झाकण उघडलं. सेल नाहीत. भिंगरी म्हणाली, "काल पप्पांनी काढले. त्यांच्या खोलीतल्या घड्याळात घातले."

मग मी काचेवर हात मारायला लागले. दोन्ही हातांनी. भिंगरीनेही मारले. वर मास्तरीण असते की नाही या वेळी, कोण जाणे. तिला मी सांगितलं होतं की टीव्ही आहे. एरवी आवाज वाढला की ती वरून जमिनीवर काठी आपटते, आज आपटली नाही.

वही माझ्याजवळ होती म्हणून लिहितेय, गॅलरीत बसूनच. ऊन उतरलं. टीव्ही अजून चालू आहे. आत दुसरं काही ऐकू येत नाही, आणि आज मी चांगला कान आतल्या बाजूला केलाय.

ती दोघं अकराला येतो म्हणालेत, गाडी घेऊन. गुरुवारी. गुरुवार म्हणजे परवा.